सासऱ्यांच्या विमानाचं पॅनल

आमच्या सासरी विमान आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. खरंच आहे म्हटल्यावर विचारतात, "मग तुम्ही बसलात का त्यात?" या प्रश्नाने माझं तोंड कडू होतं. बसले होते. एकदा, शिरगावच्या माळावर, आणि ते जमिनीवरूनच पळालं. अर्ध्या माळावरून परत आणून मला उतरवलं. त्या विमानाचं अख्खं पॅनल, म्हणजे समोरची सगळ्या डायलची पाटी, मी माझ्या हाताने बसवलं आहे. हे मात्र मला कोणी विचारत नाही, म्हणून आज न विचारताच सांगते.

मी उल्हासनगरची. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ आमची चाळ. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागले. प्लांटमधले प्रेशरचे, टेंपरेचरचे डायल उतरवायचे, खरं दाखवतात की खोटं ते तपासायचं, दुरुस्त करून परत बसवायचे, हे काम. तिथेच प्रॉडक्शनमधला एक जण आवडला. दोन हजारचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा आम्ही रजिस्टर लग्न केलं. तो बदलापूरचा, जुन्या शेतीवाल्या हिंदू घरातला. आम्ही बौद्ध. एवढं सांगितलं की पुढचं मराठी माणसाला फोडून सांगावं लागत नाही.

सासूबाईंनी मला कधी "शिवू नको" म्हटलं नाही. तसं तोंडाने बोलायचे दिवस गेले होते. त्या म्हणायच्या, "राहू दे गं, दमून आलीस." देवघराकडे पाऊल वळलं की राहू दे. सणाच्या दिवशी पुरणाच्या पातेल्याला हात घातला की राहू दे. पाहुण्यांना पाणी न्यायला उठले तरी राहू दे. शेजारणी म्हणायच्या, सुनेला अगदी फुलासारखं जपतात. अहो, फुलं निदान देवघरात तरी जातात! पण भांडायला कारणच सापडू द्यायच्या नाहीत त्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, आई तुझी काळजी करते आणि तुला त्यातही खोट दिसते. मी गप्प बसायला शिकले आणि सकाळी उठून कामावर जात राहिले.

सासरे वेगळे होते, असं मला वाटायचं. कमी बोलणारा माणूस. जन्मभर एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. बदलापूर वाढत वाढत शिरगावच्या बांधापर्यंत आलं तशी त्यांची थोडी जमीन बिल्डरकडे गेली. बाकीच्यांनी त्या पैशांत बंगले बांधले, गाड्या घेतल्या, हळदीला गावजेवणं घातली. सासऱ्यांनी विमान बांधायला काढलं. नकाशे आणि इंजिन बाहेरून मागवलं, बाकी सगळं घरामागच्या पेंढ्याच्या पडवीत. दोन सीटचं, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं, वरून कापड ताणलेलं. गावाने भरपूर थट्टा केली. "म्हाताऱ्याला बांधूनच ठेवा, नायतर उडंल," असंही कोणी म्हणालं. सासरे कानाआड करायचे आणि एकेक नळी कापत राहायचे. त्यांचा हात इतका साफ होता की कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं तरी ओरखडा उठायचा नाही.

पण डायलची त्यांना धास्ती वाटायची. ज्याचं आत काय चाललंय ते दिसत नाही त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा फिटरी नेम होता. एका रविवारी ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून माझ्यासमोर आले. उंची दाखवणारा डायल होता, जुना, पण चांगल्या घरचा.

"हे तुझ्या कामातलं हाय ना?"

लग्न झाल्यापासून ते आपणहून माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी डायल हातात घेतला, कानाशी धरून हलकेच हलवला, मागचं तोंड बघितलं. म्हटलं, "बाबा, आमच्या प्लांटमध्ये पाइपातलं प्रेशर मोजतात, यात हवेचं मोजतात. एवढाच फरक आहे."

"मंग लाव तू," ते म्हणाले आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेले.

तिथून पुढे माझे रविवार पडवीत गेले. आधी पुठ्ठ्याचं पॅनल कापलं. त्यावर वाट्या ठेवून गोल आखले आणि सासऱ्यांना सीटवर बसवून विचारलं, हा दिसतो का, इथे हात पोचतो का, ऊन कुठून येतं. वेगाचा काटा डावीकडे, उंचीचा उजवीकडे, खाली इंजिनचे फेरे, तेलाचा दाब, टेंपरेचर. पुठ्ठ्यावर मन भरलं तेव्हा पत्रा घेतला. भोकं सासऱ्यांनी पाडली, कानस त्यांनी मारली. वायरी, नळ्या आणि डायल माझ्याकडे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची रिंग घातली, आम्ही प्लांटमध्ये घालतो तशी. होकायंत्र वर मधोमध बसवलं तर काटा एकीकडेच ओढला जाई. कारण सापडलं ते आजूबाजूचे लोखंडी स्क्रू. मग उल्हासनगरच्या बाजारात पितळी स्क्रू शोधत फिरले. दुकानदार सिंधी, माझ्या वडिलांच्या ओळखीचा. त्याने विचारलं, "पीतल के स्क्रू? मंदिर बना रहे हो क्या?" म्हटलं, "नाही सेठ, विमान." तो म्हणाला, "वाह साईं, फिर तो माल वापस नहीं लूंगा," आणि पुडी बांधून दिली.

वेगाचा काटा म्हणजे या सगळ्यातलं नाजूक प्रकरण. पंखाखालून एक बारीक नळी पुढे तोंड काढून असते. विमान पळालं की समोरची हवा त्या तोंडात शिरते, तिचा दाब मागे डायलपर्यंत पोचतो आणि काटा चढतो. तपासायला मी पारदर्शक नळीचा मोठा यू करून फळीवर ठोकला, त्यात कपड्यांची नीळ घातलेलं पाणी भरलं. नळीचं दुसरं टोक बंद करून हळूहळू गुंडाळत गेलं की दाब वाढतो, निळं पाणी एका बाजूला चढतं आणि त्याच्याबरोबर काटाही चढायला हवा. सासरे शेजारी उकिडवे बसून बघत होते. एकदा त्यांना काय वाटलं कोण जाणे, पंखाखालच्या नळीला तोंड लावून फुंकायला निघाले.

"फुंकू नका!" मी केवढ्यांदा ओरडले! "आतला पडदा फाटेल!"

सासऱ्यांवर ओरडलेली सून. मी जीभ चावली. ते मात्र मागे सरकून चक्क हसले. म्हणाले, "आमच्या फोरमनसारखी वरडतेस." आणि मग म्हणाले, "पयल्यांदा धावंल तवा बाजूच्या सीटवर तूच बसायचं. काटा तुझा, तू बग."

त्या दिवसानंतर कोणीही पडवीत डोकावलं की ते आपणहून सांगायचे, पॅनल सुनेनं केलंय. गावातल्या माणसांना, नातेवाइकांना, दूधवाल्यालाही. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. या घरात माझ्या हाताचं काहीतरी चालतं, असं वाटायला लागलं होतं. पुरणाला नसेल लागत माझा हात, पण विमानाला लागतो. सासऱ्यांनी शब्द दिलेल्या त्या सीटची मी वाट बघत होते, आणि मला आकाशबिकाश नको होतं. सगळ्यांच्या देखत मी तिथे बसलेली दिसायला हवी होते, एवढंच.

पॅनल पूर्ण झालं आणि दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातात, आमच्या धम्मदीक्षेचा तो दिवस. मी दरवर्षी त्या दिवशी माहेरी असते. सासरी त्याच दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा. संध्याकाळी परत आले तर विमान नवरदेव झालेलं. नाकाला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, पुढे फुटलेला नारळ. सासूबाईंनी हळदकुंकू कालवून जागोजागी बोटं उठवली होती आणि प्रत्येक बोटावर अक्षता दाबल्या होत्या. वेगाच्या डायलच्या काचेवर तर बरोबर मधोमध. आकडेच दिसेनात. मी ओल्या फडक्याने काच पुसली.

"पुसलंस?" मागून सासूबाई.

"काचेवरचंच, आई. आकडे दिसायला हवेत ना."

त्या पाठ वळवून घरात गेल्या. बाकीची बोटं मी तशीच ठेवली. पंखाखालच्या नळीकडे बघितलं, तिच्यावर मी शिवलेली लाल कापडाची टोपी होती, धूळ आणि किडे जाऊ नयेत म्हणून. टोपी जागेवर होती. म्हणजे नळी ठीक, असं मी धरलं. कोणीही हेच धरलं असतं.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी विमान माळावर काढलं. उडवायची परवानगी आलेली नव्हती, फक्त पळवून बघायचं होतं. ठाण्याहून एक निवृत्त वैमानिक आले होते, गोड बोलणारे गृहस्थ. माळाच्या कडेला छोटा मांडव, आत नातेवाईक, चहा, फरसाण. वैमानिकांनी विमानाभोवती फेरी मारली, नळीवरची टोपी बघून "वा" म्हणाले. निघताना सासऱ्यांनी कोणाशी तरी बोलता बोलता ती ओढून खिशात टाकली. मी बाजूच्या सीटवर बसले. पट्टा बांधला. मांडवातून सगळे बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

इंजिन छान लागलं. फेरे बरोबर, तेलाचा दाब बरोबर. गवत मागे पळायला लागलं, माझे दात एकमेकांवर आपटायला लागले. मी डावीकडे मान लांबवून वेगाचा काटा बघत होते. तो शून्यावर होता. आम्ही चांगले पळत होतो आणि तो शून्यावरच. वैमानिकांनी बोट दाखवलं, मान हलवली आणि इंजिन कमी केलं.

मांडवापाशी येऊन ते म्हणाले, "बाकी उत्तम आहे. वेगाचा काटा बंद आहे. पॅनल कोणी केलं?"

"सुनेनं," कोणीतरी म्हणालं. मला वाटतं तेव्हाच पहिल्यांदा ते वाक्य सासऱ्यांच्या तोंडून आलं नाही.

सासूबाई चहाची किटली खाली ठेवून म्हणाल्या, "कसा चालंल? पूजेचं कुंकू पुसलंन हिनं. त्याच काट्यावरचं. मी बगितलं ना या डोळ्यांनी." रागाने नाही हं. दुःखाने म्हणाल्या. मांडवातल्या बायकांनी चुकचुक केलं. नवरा बुटाची लेस बांधायला वाकला.

मी माझी हत्यारांची पिशवी काढली. पॅनलचे स्क्रू सोडले, डायलच्या मागची नळी काढली, तिथे माझी तपासायची नळी जोडली आणि टोक गुंडाळत गेले. काटा मस्त चढला. म्हणजे डायल ठीक, दोष पुढे. तोंडाकडून बघावं म्हणून पंखाखाली गेले तर सासरे आधीच तिथे होते, मांडवाकडे पाठ करून. एका हातात बारीक तार. दुसऱ्या तळहातावर कुंकवाची सुकलेली गुठळी आणि तिच्यात रुतलेला तांदळाचा दाणा.

दसऱ्याला सासूबाईंनी टोपी काढली असणार, नळीच्या तोंडावर बोट टेकवलं असणार, अक्षत दाबली असणार, आणि टापटिपीच्या बाई त्या, टोपी परत घातली असणार. भक्तीनेच केलेलं सगळं.

"बोलू नको," सासरे हळूच म्हणाले. "तिला लागंल. चार मान्सांत."

मला त्यांचं पटलं. खरंच पटलं. सासूबाईंना चारचौघांत खाली बघायला लावून मला काय मिळणार होतं? मीच तोड काढली. म्हटलं, "बाबा, कुंभारमाशी शिरली होती म्हणा. त्या शिरतातच भोकात, माती भरतात. कोणाचंच नाव येणार नाही."

"हां," ते म्हणाले. "माशी सांगतो."

नळी आता साफ होती. मी मागची जोडणी पक्की केली, पॅनल बंद केलं आणि मांडवात येऊन उभी राहिले. सासरे येऊन खुर्चीवर बसले. मी वाट बघत होते. ते पाणी प्यायले. कोणीतरी विचारलं, "काय झालं होतं?" ते म्हणाले, "बगू." एवढंच. तेवढ्यात सासूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. "परत पूजा करते," म्हणाल्या, "राहिलंय ते भरून काढू." आणि कोणी काही म्हणायच्या आत विमानाकडे निघाल्या.

नाकावर कुंकू लावलं. काचेवर लावलं, वैमानिकांनी "जरा कडेला" म्हणून विनंती केली तेव्हा कडेला. मग त्या पंखाकडे वळल्या. सासरे खुर्चीवरून उठून झपाझप पुढे गेले आणि नळीचं तोंड त्यांनी मुठीत धरलं.

"इथं नको," म्हणाले, "गरम हाय, भाजंल."

गरम! सावलीतली ॲल्युमिनियमची नळी! नळीला वाचवायला त्यांना खोटं पटकन सुचलं. माझ्यासाठी मीच आयतं करून हातात दिलेलं खोटं त्यांच्या तोंडातून निघेना. मी तिथेच उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या फेरीला मी सीटकडे गेले तेव्हा सासरे म्हणाले, "आता तू नको बसू. मान्सांचं मन हाय." तिथे कुलदेवीची तसबीर ठेवायचं ठरलं होतं. घरून कोणीतरी स्कूटरवर जाऊन आणली. तसबीर सीटवर उभी केली, पण पट्टा कसा आवळायचा ते कोणाला जमेना. बकल मी बसवलं होतं, म्हणून मलाच बोलावलं. मी वाकले. सासूबाई शेजारी येऊन म्हणाल्या, "काचेला हात नको लागू देऊस गं, डाग पडतात." मी दोन बोटांनी पट्टा धरून, फ्रेमला न लागता, देवीला माझ्या जागेवर बांधलं.

विमान पळालं. काटा चालणार हे त्या अख्ख्या माळावर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. माळाच्या टोकाशी वळून ते परत आलं आणि वैमानिकांनी लांबूनच अंगठा वर केला. मांडवात टाळ्या पडल्या. सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. एक बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बग, देवाचं देवाला दिलं की चालतं." कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात. इथे फांदी आधीच कापून ठेवली होती आणि कापणारा कावळ्याला हात जोडत होता.

मी सासऱ्यांजवळ गेले. शब्द मी दिला होता, तो मोडायचा नव्हता. पण त्यांना एक संधी द्यायला काय हरकत होती? सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, "बाबा, काटा कशाने बंद होता?"

आजूबाजूचे थांबले. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्यांनी माझ्याबरोबर इतके रविवार जमिनीवर बसून निळं पाणी चढताना बघितलं होतं ते डोळे होते ते. माशी म्हणाले असते तरी मला पुरलं असतं.

"देवीची नाराजी व्हती," ते म्हणाले. "आता नाय." आणि मग मायेने, खरोखर मायेने, माझ्या डोक्यावर हात ठेवून मला तसबिरीकडे वळवलं. "तू पन माफी माग पोरी. मोकळी होशील."